पाच सिमं आणि एक मोटार

२२ जून २०२५, रविवार

घरातल्या पाचही फोनांचे पॅक याच पंधरवड्यात संपतायत, म्हणून आज वही घेऊन हिशेबाला बसले. ह्यांचा, माझा, सासूबाईंचा, लेकाचा आणि लेकीचा. पाचही जिओचे, पाचही २९९ चे. २८ दिवस, रोज दीड जीबी, बोलणं हवं तेवढं. एका खेपेचे झाले १४९५ रुपये. पण २८ दिवसांचा महिना धरला की वर्षात रिचार्ज बारा नाही, तेरा बसतात. म्हणजे वर्षाचे १९,४३५. महिन्याला सोळाशेच्या वर.

ह्यांना आकडा दाखवला तर म्हणाले, "लाईट बिलापेक्षा जास्त झालं की गं हे!" खरंच जास्त आहे. आणि लाईट बिल आलं की चार जणांत चर्चा होते, पंखा कोणी चालू ठेवला म्हणून बोलणी बसतात. फोनाचं मात्र कधी एकाचे २९९, कधी दुसऱ्याचे २९९ असं तुकड्या-तुकड्यानं जातं, त्यामुळे एकत्र बेरीज अशी आजवर कोणी केलीच नव्हती.

सहावं सिम वस्तीवर आहे, विहिरीवरच्या मोटारीच्या ऑटोत. लाईट आली की घरून फोन लावायचा, मोटार चालू. ते बीएसएनएलचं आहे, त्याला नेट लागत नाही आणि त्याचा खर्च खाजगी कंपन्यांच्या मानानं बराच कमी येतो. त्या सिमचा पॅक कधी संपतो ते ह्यांच्या बरोबर लक्षात असतं. उसाचं पाणी अडून चालत नाही.

मला पैशापेक्षा जास्त खटकलं ते दुसरंच. पाचही फोनांत रोजचा डेटा किती जातो ते सेटिंगमध्ये जाऊन बघितलं. सासूबाई सकाळी हरिपाठ आणि दुपारी एखादं कीर्तन ऐकतात, तेही बारीक चित्रावर. त्यांचा दीड जीबीतला जेमतेम पाव हिस्सा खर्च होतो. हे दिवसभर मळ्यात, ह्यांचं व्हॉट्सअ‍ॅप आणि हवामान सोडलं तर काही नाही. या दोघांचं उरलेलं रात्री बाराला जातं. लेकीचं मात्र नऊ-साडेनऊला संपतं. एकाच छपराखाली एकाचं वाया जातं आणि दुसऱ्याला पुरत नाही, आणि पैसे दोघांचे सारखेच भरायचे.

२४ जून, मंगळवार

आज तेच झालं. लेकीला दीड जीबी संपल्याचा मेसेज साडेनऊच्या सुमाराला आला. अकरावीच्या विज्ञानाच्या तयारीचे व्हिडिओ ती आत्तापासूनच बघते. ७२० वर ठेवलं तर तासाला एक जीबीच्या पुढे जातं, ४८० वर ठेवलं तर साधारण अर्धा. पण फळ्यावरचं बारीक समीकरण ४८० वर नीट वाचता येत नाही, हे मी स्वतः शेजारी बसून पाहिलं.

कोटा संपला म्हणजे नेट बंद पडत नाही. वेग ६४ केबीपीएसवर येतो. मी शाळेत मुलांना एकक रूपांतर शिकवते, म्हणून हेही करून पाहिलं. ६४ किलोबिट म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट. तिला एक प्रश्नसंच उतरवायचा होता, १२ एमबीचा. १२ एमबी म्हणजे १२,२८८ किलोबाइट, भागिले ८, म्हणजे १,५३६ सेकंद. पंचवीस मिनिटांच्या वर. तेही मध्ये लाईन तुटली नाही तर. कागदावर तिला नेट 'मिळतंय', प्रत्यक्षात ते नसल्यातच जमा.

मग ती दादाच्या खोलीच्या दारात गेली. "दादा, हॉटस्पॉट दे ना." लीड्सच्या कसोटीचा शेवटचा दिवस, इंग्लंड ३७१ चा पाठलाग करत जिंकायच्या बेतात, आणि लेकाचाही डेटा काठावर. "थांब, मॅच संपू दे." ती पुन्हा गेली. "थांब म्हटलं ना!" मॅच हरल्यावर त्याचा मूड गेला, आणि तोवर लेक वही मिटून झोपलीही होती.

मी मध्ये पडून माझा हॉटस्पॉट देऊ शकले असते, पण त्या वेळी माझा फोन शाळेची माहिती भरण्यात अडकलेला. पोषण आहाराची रोजची आकडेवारी, यूडायसची कामं, सगळं माझ्याच सिमवरून जातं.

२६ जून, गुरुवार

शाळेतून येताना स्टँडजवळच्या मोबाईलच्या दुकानात थांबले. दुकानदार पोरगा माझ्याच शाळेतला, आता चांगला मिशाळ झालाय. "बाई, पाच-पाच वेळा कशाला मारता? पोस्टपेडचा फॅमिली घ्या. एक बिल, सगळ्यांत वाटून डेटा."

त्यानं सांगितलं ते असं. जिओचा फॅमिली पोस्टपेड ४४९ चा, त्यात ७५ जीबी. त्याला आणखी तीन सिमं जोडता येतात, दर सिमला १५०, आणि प्रत्येकाबरोबर ५ जीबी जास्तीचा. चौघांचे झाले ८९९, डेटा ९० जीबी. त्यापुढे जीबीला १० रुपये. न वापरलेलं रोज रात्री बाराला जात नाही, महिनाभर त्याच साठ्यात राहतं. ऐकायला अगदी माझ्या मनातलं.

पण प्रीपेडच्या किमतीत जीएसटी धरलेला असतो, पोस्टपेडला तो वरून लागतो. ८९९ वर १८ टक्के म्हणजे १६१.८२. बिल येणार १०६१ चं. पाचवं सिम त्यात बसत नाही, त्याला २९९ चा वेगळा मारावाच लागणार. दोन्ही मिळून वर्षाचे १६,६१७ च्या आसपास. आजच्या खर्चापेक्षा २,८०० रुपये कमी. एवढं बघून मी तिथंच होय म्हणणार होते.

घरी येऊन महिन्याचा खरा वापर मांडला. सासूबाई सोडून आम्हा चौघांचं मिळून शंभर जीबीच्या पुढे जातं, आणि त्यातला मोठा वाटा लेकाचा. ९० च्या वर जेवढं जाईल तेवढं दहा-दहा रुपयांनी बिलावर चढणार. आज दीड जीबीचं कुंपण आहे म्हणून वापर एवढा तरी आहे, कुंपण काढलं की तो वाढणारच. इंग्लंडमध्ये अजून चार कसोट्या व्हायच्या आहेत! पहिल्या पंधरा दिवसांत एकानं विहीर उपसली तर महिनाअखेरीस बाकीच्यांनी गाळाकडे बघत बसायचं. आणि बिल एकाच्या नावावर, म्हणजे ह्यांच्या. दुधाचा पगार लांबला आणि बिल थकलं तर चारही फोन एकदम अडकतात. प्रीपेडला निदान एकाचं संपलं तरी दुसऱ्याचं चालू राहतं.

पोरानं आणखी एक गोष्ट सांगितली, ती मात्र लगेच पटली. २८ दिवसांऐवजी कॅलेंडरच्या महिन्याचा ३१९ चा पॅक आहे, डेटा तोच रोज दीड जीबी. १२ वेळा ३१९ म्हणजे ३,८२८, आणि १३ वेळा २९९ म्हणजे ३,८८७. एका सिममागे वर्षाला ५९ रुपये वाचतात, आणि तारीखही पगाराच्या तारखेशी जुळवून ठेवता येते. महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होईल असा पॅक प्रत्येक कंपनीनं ठेवलाच पाहिजे, हा नियम दूरसंचार नियामक ट्रायनं २०२२ च्या जानेवारीत केला. दुकानात मात्र विचारल्याशिवाय तो कोणी दाखवत नाही.

२९ जून, रविवार

अकरावीची पहिली यादी लागली. यंदापासून सगळ्या राज्यात अकरावीचा प्रवेश ऑनलाइन झालाय. आतापर्यंत हे पुण्या-मुंबईसारख्या शहरांचं काम होतं, आमच्याकडे गुणपत्रिका घेऊन कॉलेजात जायचं आणि फॉर्म भरायचा. आता नोंदणी, पसंतीक्रम, यादी, सगळं फोनावर. लेकीला पहिल्या पसंतीचं अकलूजचं कॉलेज मिळालं. पेढे आणले.

शेजारच्या वस्तीवरच्या दोन मुली त्यांची यादी बघायला आमच्याकडे आल्या होत्या. एकीच्या घरी फोन बापाकडे आणि बाप ऊसतोडीच्या मुकादमाबरोबर बाहेर, दुसरीचा पॅक संपलेला. माझ्या फोनावर दोघींचं बघितलं. सरकारनं प्रवेश ऑनलाइन केला, ठीक केलं, त्यात वशिला कमी होतो. पण मग नेट ही चैन राहिली नाही, वहीपेनाच्या रांगेत आली. हे ज्यानं त्यानं आपापल्या घरात मान्य करायला हवं, आणि पहिल्यांदा मुलींच्या बाबतीत.

दुपारी लेकानं त्याचा प्रस्ताव मांडला. पोरगा हिशेबाला पक्का आहे. "आई, माझ्या एकट्याला ३४९ चा मार. रोज दोन जीबी आणि फाइव्हजी अनलिमिटेड. बाकीच्या चौघांना फक्त बोलण्याचा ४४८ चा, ८४ दिवसांचा. मी सगळ्यांना हॉटस्पॉट देतो."

वहीत मांडलं. ३४९ चे तेरा म्हणजे ४,५३७. ४४८ चा वर्षाला एका सिमला साधारण १,९४७, चौघांचे ७,७८७. एकूण १२,३२४. आजच्यापेक्षा सात हजारांनी कमी! याच्यापेक्षा स्वस्त वाट मला तरी सापडली नाही.

हे लगेच तयार झाले. मी नाही म्हटलं. लेक सकाळी आठच्या एसटीनं अकलूजला जातो, संध्याकाळी येतो. त्याच्याबरोबर घराचं नेटही जाणार आणि येणार. तेही एक वेळ चालवून घेतलं असतं. पण मंगळवारी रात्री त्या दारात उभी राहिलेली लेक माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. एकाच्या हातात नेट दिलं की घरात एक देणारा होतो आणि बाकीचे मागणारे. पोरगा वाईट नाही, पण देणाऱ्याला 'थांब' म्हणता येतं आणि मागणाऱ्याला थांबावं लागतं. आपल्या घरांत मागणारी बहुतेक वेळा पोरगी असते, नाहीतर म्हातारी. सासूबाई तर मागणारच नाहीत. त्या कीर्तन ऐकायचं सोडून देतील आणि कोणाला सांगणारही नाहीत. सात हजारांसाठी मला हे नको आहे. ह्यांना तसं स्पष्ट सांगितलं. जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "बघ तुला काय पटतंय ते."

१ जुलै, मंगळवार

माउलींची पालखी आज माळशिरस मुक्कामी. काल नातेपुते, उद्या वेळापूर. सदाशिवनगरजवळ पुरंदावड्याला गोल रिंगण झालं, हे आणि लेक मोटारसायकलवर जाऊन आले. आमच्याकडे परभणीकडच्या एका दिंडीतल्या बाया उतरल्या आहेत. सकाळपासून पिठलं-भाकरी.

दुपारनंतर गावात नेटवर्कची पार दैना. फोनात चारही काड्या पूर्ण, पण व्हॉट्सअ‍ॅपचा एक मेसेज जाईना. चहावाल्यांनी क्यूआरच्या पाट्या उलट्या करून ठेवल्या, "रोख द्या माउली." याचं कारण साधं आहे. टॉवरजवळ ठरावीक लहरी असतात, त्या त्याच्या टापूतल्या सगळ्या फोनांत वाटल्या जातात. एरवी या टॉवरांवर गावापुरती माणसं, आज लाखो. पॅक १८९ चा असो की ३४९ चा, टॉवर सगळ्यांना एकाच रांगेत उभं करतो.

दिंडीतल्या एका मावशींनी प्लास्टिकच्या पिशवीत, वर रबर लावून ठेवलेला बटणाचा फोन काढला. "बाई, ह्याच्यावरनं फोन लागत न्हाई बगा. लेकीला सांगायचं हाय, माळशिरसला पोचलो म्हणून." पॅक वाटेत, लोणंदच्या आसपास संपलेला. त्यांना नेट नको, कीर्तन नको, व्हिडिओ नको. फक्त लेकीशी दोन शब्द. फक्त बोलण्याचा पॅक कंपन्यांनी ठेवलाच पाहिजे, असा नियम ट्रायनं गेल्या डिसेंबरात काढला, तो अशाच माणसांसाठी. पण जानेवारीत कंपन्यांनी पॅक आणले ते ८४ दिवसांचे आणि त्याहून मोठे. जिओचा ४४८, एअरटेलचा ४६९, व्हीआयचा ४७०. वारीला निघालेल्या बाईनं कमरेच्या पिशवीतून एकदम साडेचारशे कुठून काढायचे? २८ दिवसांचा घ्यायचा तर जिओचा १८९ चा, त्यात नको असलेला दोन जीबी डेटा गळ्यात.

मावशींकडच्या चिठ्ठीवरचा लेकीचा नंबर माझ्या फोनवरून किती तरी वेळा लावला. रात्री गर्दी झोपल्यावर, अकराच्या पुढे लागला. मावशी मोठ्यानं बोलल्या, सगळी ओसरी जागी झाली, आणि कोणी कुरकुर केली नाही.

३ जुलै, गुरुवार

पालखी पुढे गेली, गाव मोकळं झालं, नेट परत आलं.

बरोबर वर्षापूर्वी आजच्याच तारखेला दर वाढले होते. जिओचा २३९ चा पॅक २९९ झाला तो ३ जुलै २०२४ ला. एअरटेलनंही त्याच दिवशी वाढवले, व्हीआयनं दुसऱ्या दिवशी. माझ्या जुन्या वहीत २०१६ च्या आधीची एक नोंद सापडली: एक जीबी, २५० रुपयांच्या आसपास, महिनाभर पुरवायचा. २०१६ च्या ५ सप्टेंबरला जिओ सुरू झालं आणि पुढच्या मार्चअखेरपर्यंत सगळं फुकट मिळालं. आज जीबीच्या हिशेबानं बघितलं तर डेटा मातीमोल झालाय, २९९ भागिले ४२ म्हणजे सात रुपये जीबी. पण मला सात रुपयांचा एक जीबी सुटा मिळत नाही. मला बेचाळीसच घ्यावे लागतात, दर सिमला, त्यातले तीस वाया गेले तरी. सासूबाईंच्या हिशेबानं जीबी पंचवीस-तीस रुपयांना पडतो. सरासरी स्वस्ताईचं कौतुक वाचताना हे विसरलं जातं.

सासूबाईंना विचारलं, तुम्हाला फक्त बोलण्याचा मारू का? "मार की. मला काय करायचंय दीड जीबीला?" पण काल दिवसभर त्या पालखीचं थेट प्रक्षेपण बघत बसल्या होत्या, वेळापूरचा मुक्काम येईपर्यंत. पंचाहत्तरीत गुडघे चालू देत नाहीत, पाच वर्षांपूर्वीपर्यंत वाखरीपर्यंत पायी जायच्या. त्यांचं 'मला काय करायचंय' मी खरं धरणार नाही.

१३ जुलै, रविवार

अखेर घरात फायबरचं नेट घेतलं. ३० एमबीपीएस, महिन्याला ३९९ अधिक जीएसटी, म्हणजे ४७१. मर्यादा ३३०० जीबीची, ती आम्हाला दहा जन्मांत संपायची नाही. नगरपंचायतीच्या हद्दीत घर आहे म्हणून वायर आली. वस्तीवर अजून खांब नाहीत.

आता मांडणी अशी. सासूबाईंना फक्त बोलण्याचा ४४८, घरात वायफाय. दोन्ही पोरांना १८९ चे, बाहेर असताना व्हॉट्सअ‍ॅपपुरते. मला आणि ह्यांना २९९ च, कारण शाळेत आणि मळ्यात वायफाय नाही. वर्षाचे: १,९४७ अधिक ४,९१४ अधिक ७,७७४, आणि फायबरचे ५,६५०. एकूण २०,२८५. पहिल्यापेक्षा साडेआठशे रुपयांनी जास्त!

ह्यांनी दोनदा बेरीज तपासली. "एवढा खटाटोप करून वाढलाच की खर्च." वाढला. महिन्याला सत्तर रुपये. त्या सत्तर रुपयांत लेकीचा अभ्यास रात्री नऊला अडत नाही, सासूबाईंना कीर्तन मोठ्या चित्रावर दिसतं, आणि पासवर्ड कालनिर्णयाच्या बाजूला भिंतीवर लिहिलेला आहे. हेही वाटूनच घेतलेलं नेट आहे, पण कोणाच्या खिशात नाही. कोणाला कोणाच्या दारात जावं लागत नाही. मला ही किंमत रास्त वाटते.

एक अडचण राहिली. लाईट गेली की राउटर बंद. पावसाळ्यात आमच्याकडे लाईट जाते ती कधी येईल सांगता येत नाही. लेकानं राउटरपुरता छोटा बॅटरी बॅकअप शोधून ठेवलाय, पुढच्या दुधाच्या पगारात घेऊ.

२१ ऑगस्ट, गुरुवार

जिओनं २४९ चा, रोज एक जीबीचा २८ दिवसांचा पॅक अ‍ॅपवरून काढून टाकला. पाठोपाठ एअरटेलनंही आपला २४९ चा काढून टाकला. आमच्या घरात तो कोणाचा नव्हता, पण शाळेत खिचडी शिजवणाऱ्या ताईंच्या घरात होता. त्यांना महिन्याचं मानधन २,५०० रुपये, तेही वेळेवर येईलच असं नाही. मधल्या सुट्टीत भांडी घासून झाल्यावर आल्या. "बाई, दुकानवाला म्हणतो आता २९९ चाच. पोराला सातवीचं काहीतरी बघायला लागतं. काय करू?"

मी वही काढली. २९९ चा, नाहीतर १८९ चा. १८९ मध्ये महिन्याला दोनच जीबी, त्यात पोराचा अभ्यास भागणार नाही. त्यांच्या घरी दोन फोन आहेत, त्यांचा बटणाचा आणि नवऱ्याचा स्क्रीनचा. नवरा गवंडीकाम करतो, संध्याकाळी सातला घरी येतो. त्याच्या फोनात २९९ चा, तो आल्यावर पोरानं बघायचं. आणि ताईंच्या फोनात?

"माझ्यात बोलण्यापुरता टाका." मग त्यांनीच बोटांवर मोजलं. १८९ तीनदा म्हणजे ५६७. ८४ दिवसांचा एकदम घेतला तर ४४८. "म्हणजे एकदम असले तर एकशे एकोणीस वाचत्यात. पन एकदम न्हाईत ना बाई."

४४८ मी भरले. गणपती झाल्यावर, मानधन आलं की दीडशे-दीडशेनं देते म्हणाल्या. वहीत तसं लिहून ठेवलं आहे, त्यांच्याच आग्रहावरून.